सँटोरिनीला नांगर टाकता येत नाही
कुणीतरी लिहिलंय की क्रूझ जहाज बंदराला लागलं की पॅसेंजर फिरायला जातात आणि ऑफिसर लोकांनाही निम्मी सुट्टीच. धक्क्याला बांधलेलं जहाज असेल तर ब्रिजवरचं, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतलं, काम कमी होतं हे खरं, पण ग्रीसमधल्या सँटोरिनीला तसं अजिबात नाही. तिथे मोठ्या क्रूझसाठी धक्काच नाही, आणि खाली ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड, पाणी ३००-४०० मीटर खोल, त्यामुळे नांगरही टाकता येत नाही. मग दिवसभर इंजिन आणि थ्रस्टर (जहाजाला आडवं ढकलणारे पंखे) चालवून जहाज एका जागी धरून ठेवायचं, उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटला की एवढी उंच बाजू शिडासारखी वारा खाते, क्षणभर नजर हटवून चालत नाही.

मी क्रूझवर ऑफिसर होतो, माझी वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, पहाटे आणि दुपारी ४ ते ८ असायची. सकाळी ८ ला सुटलो की नाश्ता करून खालच्या दारापाशी, तिथून लोक छोट्या बोटींत उतरतात, आणि बोट लाटेवर वरखाली होत असताना वयस्कर माणसाला नेमकं कधी पाऊल टाका सांगायचं याचं मला सगळ्यात जास्त टेन्शन यायचं. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावीच लागते, म्हणजे दुपारी झोप काढायची कारण परत ४ ला वॉच. त्यातून मोकळा वेळ उरला तरी आणीबाणीसाठी ठराविक लोक जहाजावर थांबावेच लागतात, त्यात आपला नंबर असला की उतरणं नाही. दोन सीझन केले तिकडे, कड्यावरचं ते पांढरं फिरा गाव मी ब्रिजवरूनच पाहिलंय.