मदत हवी आहे: पाच चटण्यांच्या डब्यावर इंग्रजीत काय लिहावं? (सोमवारी लेबल छापायला द्यायचंय)

नमस्कार मंडळी. प्रश्न येडपट वाटंल पण खरंच अडकलोय. आमच्या मावशीचा बचत गट आहे औसा तालुक्यात, बाया चटण्या करतात, शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची, तिळाची आन् लसणाची. आता पाचही चटण्यांच्या छोट्या पुड्या एकाच डब्यात घालून विकायचं ठरलंय, प्रदर्शनाला पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं येतात म्हणून डब्यावर इंग्रजीत नाव पाहिजे, आन् घरात इंग्रजी येणारा म्हणजे मी एकटा. येतं म्हणजे काय, बारावीला ६१ पडले होते.

मागच्या वर्षी मीच शहाणपणा केला. मोबाईलवर 'मिक्स'चे समानार्थी शब्द काढले, त्यात 'मिक्स्ड बॅग' दिसलं, म्हनलं आपण पिशवीतच तर द्यायलोय, झकास जमलं. ५०० लेबलं छापून मोकळा. स्टॉलवर एक मॅडम आल्या, पिशवी उलटीपालटी करून बघितली, वाचलं, हसल्या आन् म्हणाल्या, "यातल्या चांगल्या कोणत्या आणि वाईट कोणत्या?" मी आपला, "सगळ्याच चांगल्यायत मॅडम." रात्री अर्थ बघितला तर मिक्स्ड बॅग म्हणजे काही बरं काही वाईट, दोन्ही एकात. तेव्हापासून लेबलाचा विषय निघाला की मावशी काही बोलत नाही, नुसती माझ्याकडं बघती.

यंदा परत शब्द काढून ठेवलेत: व्हरायटी, असॉर्टमेंट, रेंज, मेडली, हॉचपॉच, मिसेलेनियस, पॉटपौरी (हे बोलायचं कसं तेही माहीत नाही), मॉटली, मिशमॅश. मिक्श्चर म्हणावं तर फरसाण वाटतं नाहीतर खोकल्याचं औषध. डिक्शनरीत सगळ्यांपुढं एकच अर्थ, मिश्रण. सगळ्याचा अर्थ एकच असंल तर एवढे शब्द केले कशाला ह्या लोकांनी? कुणी जाणकार असंल तर सांगा राव, छापणारा रोज फोन करायलाय.

उदगीरचे_गुरुजी
बाळा, आधी एक ठरव, तुझ्या डब्यात चटण्या एकजीव आहेत का वेगवेगळ्या? एकजीव असत्या, काल्यासारख्या, तर मिक्श्चर किंवा ब्लेंड चाललं असतं, चहाच्या पुड्यावर ब्लेंड लिहितात ते त्यामुळंच. तुझ्या पुड्या वेगळ्या आहेत, निवडून शेजारी-शेजारी ठेवलेल्या. त्याला असॉर्टमेंट. शब्दाच्या पोटातच 'सॉर्ट' आहे बघ, म्हणजे कुणीतरी निवडून-पाखडून मांडलंय. बिस्किटाच्या डब्यावर 'असॉर्टेड' वाचलं असशीलच.
रेंज म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. गट पापड, कुरडया, लोणची पण करत असंल तर सगळ्या मालाला मिळून रेंज म्हण, एका डब्याला नको. मिशमॅश आणि जंबल तर चुकून पण नको, त्यात माळवदावर टाकलेल्या अडगळीचा वास आहे. मिसेलेनियस हे खर्चाच्या वहीतलं 'किरकोळ', ते खाण्यावर लिहिलं तर कोण घेईल? मेडली गाण्यांची असती, एकाला एक जोडून म्हणतात ती. पोहण्यातही असती, चार प्रकारचे हात एकाच शर्यतीत.

परभणीचा_बियाणेवाला
गुरुजी बरोबर बोलले, पण व्हरायटीबद्दल मी सांगतो. ती शहरातल्यासाठी ठीकय हो, इकडं व्हरायटी म्हणलं की वाण. दुकानात माणूस आला की पयला प्रश्न, "तुरीत कोणती व्हरायटी हाय?" मंग मी बीडीएन ७११ म्हणणार, बदनापूरची. सोयाबीनला आमच्या विद्यापीठाची एमएयूएस ७१. तुमच्या डब्यावर व्हरायटी लिहिलंत तर आमच्याकडली माणसं इचारतील, कारळाची कोणती व्हरायटी वापरली? 😀

काळा_कोट
हॉचपॉचवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण हा शब्द आम्ही जवळजवळ रोज ऐकतो. भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात ठरलेली हरकत असते की वादीने सगळ्या मिळकती 'हॉचपॉट'मध्ये आणल्या नाहीत. म्हणजे रस्त्यालगतची तीन एकर दाखवली आणि विहिरीची जमीन मुद्दाम गाळली. सगळं आधी एका भांड्यात ओता, मग हिस्से करा, असा त्याचा हिशोब. शब्द जुन्या फ्रेंचमधला, भांडं हलवणे यावरून, आधी कालवणाचं नाव, मग कायद्यात शिरला. त्याचंच हॉचपॉच झालं आणि अमेरिकेत हॉजपॉज. आता त्याचा अर्थ गोंधळ, घोळ असाच होतो, त्यामुळे डब्यावर नको. वाटणीचं काम असेल तर मात्र जरूर या.

येळवसची_भज्जी
दादा, ते पॉटपौरी नाही, 'पोपुरी' म्हणतात, ट चा उच्चार करायचा नाही. आणि त्याची गंमत ऐका, फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ सडलेलं भांडं! स्पेनमध्ये मांस, भाज्या, कडधान्य सगळं एकत्र शिजवायचे, त्या पदार्थाच्या नावाचं फ्रेंच भाषांतर. आपल्या येळवसला (वेळ अमावस्येला) नाही का भज्जी करतात, हरभरा, तूर, वाटाणे, पालेभाज्या, काय सापडंल ते सगळं एका पातेल्यात, तसलंच. पण आता पोपुरी म्हणलं की लोकांना वाळलेल्या फुलांच्या पाकळ्या आठवतात, वाटीत वासासाठी ठेवतात त्या. चटणीवर लिहिलंत तर कुणीतरी बाथरूममध्ये ठेवून देईल.
मॉटली पण नको, पूर्वी विदूषकाच्या रंगीबेरंगी कपड्याला म्हणायचे, त्यात थोडी चेष्टा आहे. अजून एक, फरागो. २०१७ ला शशी थरूर यांनी ट्विटमध्ये वापरला तेव्हा सगळे डिक्शनऱ्या उघडून बसले होते. तो मुळात लॅटिन, जनावरांना घालायच्या मिसळ चाऱ्याचा. म्हणजे कुट्टीच की! 😂

(धागाकर्ता)
सगळ्यांचे लै आभार. फरागो नव्हता माझ्या यादीत, नशीब माझं. वकीलसाहेब, चुलत्यासोबत बांधाचं चालू आहे, व्यनि (खाजगी निरोप) करतो.
तर ठरलं, 'असॉर्टेड चटणीज', आन् खाली बारीक अक्षरात 'फाइव्ह काइंड्स'. गुरुजी, एकच शंका, 'ॲन असॉर्टमेंट ऑफ फाइव्ह चटणीज' असं लांब वाक्य मागच्या बाजूला घ्यायचं म्हणलं तर पुढं 'इज' का 'आर'?

उदगीरचे_गुरुजी
डबा एक आहे, असॉर्टमेंट एक आहे, 'इज' लिही. 'व्हरायटी ऑफ' असतं तर 'आर' पण चाललं असतं, पण तो शब्द बियाणेवाल्यांनी काढूनच टाकला.

(धागाकर्ता)
मावशीला आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणती इंग्रजी तुला काय लिहायचं ते लिही, पण वर मराठीत मोठ्या अक्षरात 'पाच चटण्या' येऊ दे, आन् मागची उरलेली १४० लेबलं चुलीला घाल.