बागेच्या पाटीवरचे २७ नियम ६ ओळींत कसे बसवायचे?

पाटीवाली:
आमच्या सार्वजनिक बागेची पाटी नव्याने लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुन्या पाटीवर २७ नियम आहेत. त्यांतले ९ नुसते चेंडूचे: पायाने मारू नये, बॅटने मारू नये, भिंतीवर आपटू नये. दर तक्रारीमागे एक ओळ वाढत गेलेली दिसते. मला ६ ओळींत आटपायचंय. खरं तर एकच पुरेल असं वाटतं: 'इतरांना त्रास होईल असे वागू नये.' चालेल का?

शिट्टीवाला:
नाही चालणार, ताई. ११ वर्षं बागेत पहारा केलाय. त्रास कुणाला आणि किती, हे ठरवणार कोण? मी. माझं डोकं दुखत असलं की पोरांचं खिदळणंही त्रास, आणि ओळखीचा माणूस स्पीकर लावून बसला तर मला ऐकूच यायचं नाही. लाज वाटते, पण खरं आहे.

वेळ आणि जागा लिहा. 'रात्री ९ नंतर स्पीकर बंद.' 'चेंडूचे खेळ फक्त मोकळ्या पट्ट्यात.' असं लिहिलेलं असलं की पाटीकडे बोट दाखवायचं, हुज्जत तिथेच संपते. आमच्या पाटीवर 'गैरवर्तन करू नये' अशी एक ओळ होती. ती मी एकदाच वापरली, बाकावर झोपलेल्या माणसाला उठवायला. तो कुणाचं काय बिघडवत होता, मला आजही सांगता येणार नाही.

कलम_पोटकलम:
शिट्टीवाले काका म्हणतात तेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली म्हटलं. जॅक्सनव्हिल शहराच्या नियमात उनाड, रात्री भटकणारे, कामाशिवाय इकडेतिकडे हिंडणारे असे सगळेच गुन्हेगार होते. काय केलं की गुन्हा होतो हे सामान्य माणसाला कळत नाही आणि पोलिसांना मात्र मोकळं रान मिळतं, म्हणून न्यायालयाने तो नियम रद्द केला.

पण नेमका शब्दही फसतो. 'बागेत वाहनांना मनाई' हे कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांचं १९५८ सालचं उदाहरण कायद्याच्या वर्गात अजून चघळलं जातं. मोटार नको हे उघड आहे, पण सायकल? स्केट्स? त्यावर कायद्याचे दुसरे अभ्यासक लॉन फुलर यांनी विचारलं, दुसऱ्या महायुद्धातला चालू स्थितीतला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर ठेवला तर? म्हणून वस्तूचं नाव घालताना ती कशासाठी नको, हेही त्याच ओळीत यावं: 'पायवाटेवर चालणाऱ्यांना धक्का लागू नये म्हणून सायकल हातात धरून न्यावी.'

दोन_चाकं_जास्त:
चाकांची खुर्ची वाहन आहे का, हा प्रश्न माझ्या आईला फाटकावर विचारला गेलाय. तेवढं लिहाच.

पाटीवाली:
लिहिलं, अगदी पहिल्याच ओळीत. चेंडूच्या ९ ओळींची एक झाली. दंडाबद्दल राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं म्हणणं आठवलं: कुरण, पाणी अशी सामाईक साधनं जिथे लोकांनी दीर्घकाळ नीट सांभाळली, तिथे पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते आणि चुका वाढतील तशी ती चढत जाते. म्हणून 'आधी समज, मग दंड' असं घातलंय. आता कुत्र्यांपाशी अडलेय. दोरी किती लांबीची लिहू?

शिट्टीवाला:
लांबी नको. टेप घेऊन कोण फिरणार? 'दोरीचं टोक मालकाच्या हातात' असं लिहा. गळ्यात दोरी अडकवून मोकळी सोडलेली कुत्री मी पुष्कळ पाहिलीत, आणि प्रत्येकाचा मालक म्हणायचा, बांधलंय की!