दोन निळ्यांमधून एक: तुम्ही कसा निवडलात?

खोलीला रंग काढताना शेवटी दोनच निळ्या शेड उरतात आणि दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. तुमचा कौल कशावर ठरला ते लिहा. नुसतं 'हा छान दिसतो' नको. खिडकी, दिवे, भिंत यांचंही सांगा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल.

*

शेडकार्डावर दोघी सख्ख्या बहिणी! पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, एकीत हिरवट झाक, दुसरीत जांभळट. आमचं लाकडी सामान पिवळसर, त्याच्याजवळ जांभळट शेड फारच उठायची. हिरवट घेतली.

*

माझं ऐका, रात्री दिवा लावून बघितल्याशिवाय ठरवू नका. दुपारी मला दोन्हींत फरक सांगता येत नव्हता. रात्री २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली एक पार करडी पडली, दुसरी निळीच राहिली. अशा दिव्यात निळा उजेड मुळातच कमी, मग भिंतीवरून परत काय येणार? शिवाय दोन शेडमधली रंगद्रव्यं वेगळी असली तर त्या एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात. याला मेटामेरिझम म्हणतात. मी त्या खोलीत संध्याकाळनंतरच असते, त्यामुळे माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

*

पांढऱ्या भिंतीवर छोटा पट्टा मारला की तो आहे त्यापेक्षा गडद भासतो. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि पुठ्ठा खोलीभर फिरवा. खिडकी ज्या भिंतीत असते तिच्यावर उजेड थेट पडत नाही, रंग सगळ्यात मळकट तिथेच दिसतो. तिथे जी शेड आवडली, ती मी पक्की केली.

*

चारी भिंती रंगवणार असाल तर दोन्हींतली फिकी घ्या. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तो कार्डापेक्षा दाट होतो. कार्डावर एलआरव्ही, म्हणजे शेड किती उजेड परत टाकते त्याचा आकडा, दिला असेल तर बघा. आकडा जितका मोठा, तितका उजेड जास्त परत येतो. एकाच भिंतीला मात्र मला गडदच आवडते.

*

खोली आईची होती आणि तिला दोन्ही एकच वाटत होत्या. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा उजेड अडवतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेच पुठ्ठे तिला पुन्हा दाखवले. तिने लगेच एकावर बोट ठेवलं. आम्ही दुसरी धरून बसलो होतो, पण तिचीच लावली.

*

दोन्ही नमुने एकाच फिनिशमध्ये घ्या. एक मॅट आणि एक चकचकीत असला तर एकच शेडसुद्धा वेगवेगळी दिसते.