केळीच्या पानावरची पंगत: आधी काय वाढायचं, कुठे वाढायचं, आग्रह किती करायचा?

दोन_खोल्या:
येत्या रविवारी घरी वास्तुशांत आहे. 36 पानं, 18-18 च्या दोन पंगती. स्वयंपाक बाहेरून येणार, वाढायचं मात्र घरच्यांनी. बुफे नको असं ठरलंय, केळीच्या पानावर खाली बसून जेवण. बेत: वरणभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, लिंबाचं लोणचं, पापड-कुरडई, भजी, जिलबी, मठ्ठा, शेवटी ताकभात.

वाढायला सगळी विशी-पंचविशीतली भाचरं आहेत. त्यांना "मीठ कुठे वाढायचं" इथपासून सांगावं लागेल. तीन-चार वयस्कर मंडळींना खाली बसता येत नाही. आणि आग्रह! केला नाही तर "विचारलंही नाही", केला तर पानं टाकलेली. जाणकारांनी नीट सांगा. हॉल 20 बाय 11 फूट आहे.

पंचपाळं:
आधी पान, मग वाढणं.

पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, रुंद बाजू उजवीकडे. उजव्या हाताने जेवायचं, भात कालवायचा, म्हणून ऐसपैस जागा त्या बाजूला लागते. एका मोठ्या पानाचे तीन-चार तुकडे होतात आणि शेंडा एकालाच मिळतो. शेंड्याची पानं ज्येष्ठांना आणि यजमानांच्या व्याह्यांना द्यावीत, बाकीच्यांना मधले तुकडे चालतात. मधला दांडा आडवा यायला हवा, उभा नाही. जाड दांड्यामुळे पान डुगडुगतं आणि अळू घसरून भातात जातं. त्यासाठी मागच्या बाजूने दांडा सुरीने थोडा तासून घ्या.

पानं आदल्या संध्याकाळी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी धुऊन कोरडी पुसा. पाणी राहिलं तर मीठ विरघळतं आणि पापड दोन मिनिटांत मऊ पडतो. पान फाटत असेल तर गॅसच्या मंद आचेवरून एकदा फिरवा. रंग गडद होताच काढा, लवचीक होतं.

आता जागा. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे क्रमाने लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, सगळ्यात खाली भजी आणि पापड-कुरडई. उजवीकडे वर बटाट्याची भाजी, तिच्याखाली अळू. मधोमध खाली भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. तत्त्व सोपं आहे: जे बोटाच्या टोकाने चाखायचं ते डावीकडे, जे घासाघासाला लागतं ते उजवीकडे. भाचरांना एवढं समजलं की बाकीचं आपोआप आठवतं. त्यांच्यासाठी एक पान नमुन्याला वाढून स्वयंपाकघराच्या दारात ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

अळूला वाटी द्या. द्रोण हौसेला ठीक, पण पातळ भाजी, मठ्ठा दोन्ही द्रोणात म्हणजे एक तरी कलंडणारच.

ओगराळं:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त पापड-कुरडईबद्दल वेगळं मत. ती पहिल्या फेरीत नको. मीठ-चटणीपासून तुपापर्यंत 18 पानांना सहज दहा-बारा मिनिटं जातात, तेवढ्यात कुरडई कोशिंबिरीच्या ओलाव्याने बसते. भात वाढून झाला की तुपाच्या जरा आधी पापड-कुरडई फिरवा.

वाढप्यांची विभागणी अशी करा. 18 पानांना पाच जण पुरे, सहावा झाला तर आडवे येतात.
पहिला: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. पंचपाळं किंवा चार वाट्यांचं ताट. पुढे पाणी त्याच्याकडेच.
दुसरा: कोशिंबीर, भजी, पापड.
तिसरा: बटाट्याची भाजी, अळू.
चौथा: भात, वरण.
पाचवा: फक्त तूप, आणि नंतर पुऱ्या.

तूप शेवटी, आणि ते वाढल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तूप वाढणारा शेवटच्या पानावर पोचला की पंगत सुरू करायला हरकत नाही हे सगळ्यांना कळतं. त्यानंतर "वदनी कवळ", जयघोष, आणि यजमानांनी हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणायचं. ज्यांच्यात चित्राहुती घालतात ते पानाच्या उजव्या बाजूला भाताची शितं ठेवून पाणी फिरवतात. त्यांचं होईपर्यंत शेजाऱ्याने थांबावं, घालत नसेल त्याच्यावर सक्ती नको. त्या बाजूला पाण्याचं भांडं अगदी पानाला चिकटवून ठेवू नका.

क्रम: वरणभात, मग पुरी-भाजी, मग मसालेभात, मग जिलबी-मठ्ठा, शेवटी ताकभात. पुरी गरम असेल तर एकावेळी दोनच वाढा. सहा पुऱ्या एकदम टाकल्या की खालच्या चार वाफेने लोळतात.

सगळ्यात जास्त चुका पळीच्या होतात. पळी पानाला किंवा पानातल्या अन्नाला टेकता कामा नये. टेकली की ती खरकटी, आणि तीच परत भांड्यात जाते. पानापासून दोन-तीन बोटं वरून सोडायचं. पळी पानावर आपटून झटकायची नाही. दुसरं, भांडं डाव्या हातात आणि पळी उजव्यात. पुरीचं ताट जड असलं तर एकाने धरायचं, दुसऱ्याने वाढायचं. तिसरं, ओढणी-पदर खोचलेला, केस बांधलेले, सैल बांगड्या-घड्याळ काढलेलं. वाढणाऱ्याच्या बाहीचं टोक अळूत, हे दृश्य सगळ्या पंगतीला पुरतं.

हॉलबद्दल: माणशी दोन फूट धरा. नऊ-नऊच्या दोन ओळी समोरासमोर, म्हणजे 18 फूट, दोन फूट दरवाज्याशी मोकळे. पाठी भिंतीला. बसणं आणि पान मिळून सव्वातीन फूट धरलं की मध्ये वाढायला चार-साडेचार फूट उरतात. पाट मोठे असतील तर थोडं कमी. आत-बाहेर जायची वाट एकच असेल तर वाढप्यांनी डावीकडून जावं, उजवीकडून यावं, नाहीतर वरणाचं भांडं आणि पुरीचं ताट दारात भेटतात.

चतकोर_पोळी:
आग्रहाबद्दल. "हवंय का?" असं विचारूच नये, त्यात पाहुण्याला "नको" म्हणावं लागतं. पदार्थाचं नाव घ्या, "मसालेभात?" किंवा "जिलबी वाढू?" आणि पळी तयार ठेवून दोन सेकंद थांबा. त्याने पानावर हात आडवा धरला तर पुढे जा. जिलबीचा आग्रह दोनदा. तिसऱ्यांदा करायचा तर पहिली जिलबी संपल्यावर, पानात एक असताना नाही. मधुमेह, पथ्य असं म्हटलं की "एक खाल्ल्याने काय होतंय" हे वाक्य भाचरांच्या तोंडून येता कामा नये. "मग मठ्ठा आणू?" एवढंच.

शब्दांचंही भान हवं. "उरलंय, घ्या ना" हे सगळ्यात वाईट. "भात संपला" असं पंगतीत ओरडायचं नाही, जुन्या घरांत "संपलं"च्या जागी "वाढलं" म्हणतात, आजही बऱ्याच जणांच्या कानाला तेच बरं वाटतं. आतून विचारायचं असेल तर जवळ जाऊन विचारा.

जेवणाऱ्याच्या बाजूनेही दोन गोष्टी. पहिल्या फेरीत "थोडंसंच" म्हणायला लाजू नये, दुसरी फेरी येतेच. पानात टाकणं हा यजमानाचा अपमान आहेच, पण अर्धी चूक वाढणाऱ्याची असते: अळू एक पळी, बटाटा दीड डाव, कोशिंबीर एक चमचा, भात पहिल्या वेळी छोट्या वाटीची मूद. एवढंच. पान पहिल्यांदा भरगच्च दिसायची गरज नाही.

दोन_खोल्या:
खूपच उपयोगी. दोन शंका. पहिल्या पंगतीत एकाला गाडी पकडायची आहे, मधूनच उठावं लागेल, काय करावं? आणि खुर्चीवरच्यांना वेगळं टेबल लावलं तर ते एकटे पडल्यासारखे वाटतात.

पंचपाळं:
गाडी पकडणाऱ्याला ओळीच्या टोकाला, दाराजवळ बसवा. मध्ये बसवलं तर उठताना चार जणांचं पान ओलांडतो, आणि पान ओलांडणं कुणालाच आवडत नाही. त्याचा ताकभात आधीच वाढायचा. उठताना त्याने बाकीच्यांना "सावकाश होऊ द्या" म्हणावं, की मोकळा. इतरांनी मात्र ज्येष्ठांचं होईपर्यंत बसून राहायचं, मोबाइल न काढता. जेवण झाल्यावर पान स्वतःच्या दिशेने दुमडायची रीत कर्नाटक-तामिळनाडूत आहे, आपल्याकडे तशी सक्ती नाही. उठताना भांड्यातलं पाणी पानात ओतू नये. पानं उचलणाऱ्याच्या पायावर येतं.

खुर्चीचं: टेबल वेगळ्या खोलीत नको. त्याच ओळीच्या टोकाला, भिंतीशी काटकोनात लावा, म्हणजे समोरासमोर बोलता येतं. पानही तसंच, शेंडा डावीकडे. वाढताना पहिलं पान त्या टेबलावर, मग खालची ओळ. पहिल्याच पंगतीत बसवा. दुसऱ्या पंगतीपर्यंत थांबवलं तर औषधांच्या वेळा चुकतात.

ओगराळं:
आणखी एक, कुणी विचारलं नाही तरी: 36 पानांचा अंदाज. तिन्ही भात मिळून पावणेचार किलो तांदूळ, त्यातला अर्धा मसालेभाताला. बटाटे साडेचार किलो. माणशी सहा धरल्या तर सव्वादोनशे पुऱ्या, साडेतीन किलो कणीक. तूप पाऊण किलो. जिलबी माणशी 100 ग्रॅम, म्हणजे साडेतीन-चार किलो. मठ्ठा आठ लिटर. लिंबं सात, एकाच्या सहा फोडी, बिया काढून. बाहेरून येणाऱ्या जिन्नसांत वरण आणि मठ्ठा नेहमी कमी पडतात, तेवढं आधीच सांगून ठेवा.

पत्रावळ:
खानदेश-विदर्भाकडची मंडळी असतील तर इतकं डावं-उजवं नसतं हेही लक्षात ठेवा. तिथे पळसाच्या पत्रावळीवर बट्टी कुस्करायची, मध्ये आळं करायचं, त्यात वरण आणि तूप, कडेला वांग्याची भाजी. वाढपी बादली घेऊन धावतो, आणि तिथे जेवणाऱ्याने हाताने आडवं धरलं तरी आग्रह चालूच असतो. त्यांच्या पानावर मीठ चुकून डावीकडे पडलं तर कुणी रुसणार नाही. पण वरण मागून घ्यावं लागलं तर रुसतील.

दोन_खोल्या:
वरण सहा लिटरच्या ऐवजी आठ सांगितलं आत्ताच. नमुन्याचं पानही शनिवारी रात्री मांडतेय.