थ्रॉटल ढकलला आणि विमान उसळलं?

दादा, फ्लाइट सिममधलं (संगणकावरच्या विमान-खेळातलं) बोइंग 737 थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ, ढकलताच उसळतं, म्हणजे ताकदच जास्त दिलीय, असं तुमचं म्हणणं. मला ताकदीपेक्षा वेळ खटकतो. मोठा टर्बोफॅन, म्हणजे पुढे पंखा असलेलं जेट इंजिन, आयडलवरून (किमान वेगावरून) जागा व्हायला काही सेकंद घेतो. एन-वन, म्हणजे त्या पंख्याच्या वेगाचा आकडा, आधी रेंगाळतो, मग झपकन चढतो. नियमांतसुद्धा गो-अराउंडच्या, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याच्या, चढाईसाठी जोर थ्रॉटल ढकलल्यावर 8 सेकंदांनंतरचा धरतात. सिमच्या काही फुकटच्या मॉडेलांत मात्र हा आकडा पहिल्या क्षणापासून सरसर वर. तिथेच पोल उघडते.

ताकदच तपासायची तर आपलं इंदूर घ्या. बिजासन टेकरीजवळची धावपट्टी, उंची सुमारे 1850 फूट. तापमान 42 ठेवा, विमान पूर्ण भरा. 737 ची इंजिनं समुद्रसपाटीला साधारण 30 अंशांपर्यंतच पूर्ण जोर देतात, पुढे तो घटत जातो. मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या पहाटे धाव सारखीच लागली, तर मॉडेल बोगस समजा.

नाक वर जातं ही तुमची दुसरी तक्रार मात्र पटली नाही. इंजिनं पंखाखाली आहेत, जोर वाढला की 737 नाक उचलणारच. दांडा पुढे दाबा, ट्रिम करा, म्हणजे दांडा सोडला तरी नाक तिथेच राहील. एअरबस ए320 मध्ये ते काम संगणक उरकतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना नकोच.

तुमच्या थ्रॉटलचा कर्व्ह (मूठ किती सरकली की जोर किती) काय ठेवलाय?