मदत हवी आहे : मुलाला हवी 'वॉर रूम', खोलीत मात्र खरे फौजी आजोबा

नमस्कार मंडळी,

कोथरूडात टू बीएचके. लहान बेडरूम दहा बाय अकरा, पश्चिमेला एकच खिडकी, मधोमध पंखा. चिरंजीव यंदा आठवीत गेले. भिंतीवरचे कार्टूनचे स्टिकर स्वतःच्या हाताने खरवडून काढले आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, वॉर रूम पाहिजे. त्याच्या डोक्यातली वॉर रूम म्हणजे चारी भिंती कॅमोफ्लाज, छताला जाळी, दारावर 'डेंजर' आणि टेबलावर हातबॉम्बच्या आकाराचा पेनस्टँड. हा पेनस्टँड ऑनलाइन खरोखर मिळतो, मी बघितलाय.

अडचण अशी की त्या खोलीतला दुसरा पलंग माझ्या सासऱ्यांचा आहे. बाबा बॉम्बे सॅपर्समधून (सैन्यातले इंजिनिअर) निवृत्त झाले. खडकीला ट्रेनिंग, एकाहत्तरला पश्चिम आघाडीवर. त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. पेनस्टँडचा फोटो दाखवला तर चष्मा वर सारून बघितला आणि म्हणाले, "हा इथे ठेवणार असाल तर मी हॉलमध्ये झोपतो." रागाने नाही हो, दूध संपलंय म्हणावं तसं.

नातू हिरमुसून बसलाय. नवरा म्हणतो तू त्या दोघांच्या मध्ये पडू नकोस, याचा अर्थ घरातल्या बायकांना माहीत आहेच.

बजेट २५,०००, काम पावसाळ्याआधी संपवायचंय. रंग कोणता, वस्तू पुण्यात कुठे मिळतील, आणि घरात ठेवायला चालत नाही असं काही असतं का? दोघांनाही त्या खोलीत झोपता आलं पाहिजे, एवढीच अट.

– दहा बाय अकरा

बुधवार-रविवार :
ताई, जुना बाजार. मंगळवार पेठ, वार माझ्या आयडीतच आहेत. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की माल हलतो आणि भाव वाढतो.

पण काही घेण्याआधी स्वतःच्या माळ्यावर चढा. फौजी माणसाच्या घरात पत्र्याची काळी ट्रंक नाही असं मी बघितलेलं नाही. पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. ती एक ट्रंक पलंगाच्या पायथ्याशी ठेवलीत तर चार भिंती कॅमोफ्लाज करून जे होणार नाही ते होईल. कॅमोफ्लाज हल्ली लहान मुलांच्या चड्ड्यांवरही असतं.

बाजारातून घेण्यासारखं : वीस लिटरचा जेरीकॅन (इंधनाचा पत्र्याचा कॅन, धुऊन, वास घालवून), कॅनव्हासची पिशवी, एनॅमलचा मग. जेरीकॅन मूळचा जर्मन सैन्याचा. ब्रिटिश सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. मुलाला सांगा, शाळेत भाव खाईल. लाकडी पेटी घेतलीत तर वाळवी बघून घ्या आणि आठवडाभर गच्चीत उन्हात टाका. कॅनव्हासलाही ऊन दाखवा, नाहीतर जुलैत खोलीला कुबट वास मारेल.

आणि एक, हात जोडून. गोळ्याचं कवच, 'रिकामी' काडतुसं, भंगारातली तोफगोळ्याची टोपी, यातलं काहीही घेऊ नका. विकणारा शपथ घेईल की फुटलेलं आहे. त्याला काय कळतंय? पितळच हवं असेल तर तांबट आळीतून घंगाळ घ्या.

नियमावली :
कायद्याचं विचारलंत म्हणून लिहितो, नेहमीप्रमाणे कोणाला आवडणार नाही.

बेयोनेट (बंदुकीची संगीन) किंवा तलवार भिंतीवर लावायचा मोह होतो. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं, म्हणून नकोच. सैन्याचा नव्या नमुन्याचा लढाऊ गणवेश जानेवारी २०२२ मध्ये आला, त्याचं डिझाईन सैन्याने स्वतःच्या नावे नोंदवलेलं आहे. त्या कापडाचे पडदे शिवू नका, साधा ऑलिव्ह ग्रीन कपडा घ्या. तिरंग्याचा पडदा, उशी, टेबलक्लॉथ यातलं काहीच चालत नाही. ध्वज लावायचाच तर ३:२ मापाचा, भिंतीवर नीट.

बाबांची मेडल्स असतील तर ती काचेच्या चौकटीत लावा. पण त्यांना विचारून.

हेडशॉट_०७ :
एवढं काय काकू, गेमचं मोठं पोस्टर लावा, एलईडी पट्टी लावा, झालं. वरचे सगळे म्युझियम करायला निघालेत.

बुधवार-रविवार :
@हेडशॉट, ती पट्टी रात्री अकराला आजोबांच्या डोळ्यांवर तू बंद करायला येणार आहेस का?

चुना आणि ब्रश :
मी रंगकामातला माणूस. दहा बाय अकराच्या खोलीत चारी भिंती गडद हिरव्या केल्यात तर दुपारी दोनला दिवा लावावा लागेल. पलंगाच्या डोक्यामागची एकच भिंत ऑलिव्ह ग्रीन करा, मॅट फिनिशमध्ये, चमकणारा रंग अजिबात नको. बाकी तीन भिंती मळकट पांढऱ्या. दुकानात शेडकार्डवर 'मिलिटरी ग्रीन' म्हणून जे दाखवतात त्यात बऱ्याचदा पोपटी झाक असते. नगरचं रणगाडा संग्रहालय एकदा मुलाला दाखवून आणा, खरा हिरवा किती मळका असतो ते कळेल.

छताला जाळी विसरा. खाली पंखा आहे. एक टोक सुटलं की पुढचं बोलायला नको, शिवाय धूळ. जाळी हवीच असेल तर भिंतीवर चौकट करून ताणून लावा, दिव्यापासून लांब.

अक्षरं हाताने काढू नका. जाड पुठ्ठ्यात स्टेन्सिल कापा आणि स्पंजाने रंग टिपा. ट्रंकेवरच्या अक्षरांसारखी येतात.

वाड्यातली :
मी एकाहत्तरला नऊ वर्षांची होते. आम्ही सदाशिव पेठेत. वरचे सगळे फौजेच्या वस्तू सांगतायत, पण युद्ध घरातही असतं हो. ३ डिसेंबरला संध्याकाळी विमानतळांवर हल्ला झाला आणि मग ब्लॅकआउट. आईने खिडक्यांच्या काचांना काळा कागद खळीने चिकटवला, आणि काच फुटली तर उडू नये म्हणून वर पट्ट्यांची फुली. दिव्याला पुठ्ठ्याचं नळकांडं, म्हणजे उजेडाचा एक गोल तेवढा खाली पडायचा. त्यात बसून मी पाढे म्हणायचे. स्कूटरच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. एखाद्या फटीतून उजेड दिसला की खालून आरोळी, "ए, दिवा कोणाचा तो!" आणि रेडिओभोवती अख्खा वाडा. १६ तारखेला ढाक्याची बातमी आली तेव्हा आजीने गुळाचा खडा हातावर ठेवला. साखर नव्हती घरात बहुतेक.

तुमची खिडकी पश्चिमेची आहे ना? दुपारचं ऊन येत असणार. काळ्या कापडाचा जाड पडदा आणि काचेवर कागदी पट्ट्यांची फुली, एवढं करा. अभ्यासाच्या टेबलावर तो पुठ्ठ्याचा दिवा (आत एलईडीच घाला, फारसा तापत नाही). शंभर रुपयांत एकाहत्तर सालचं पुणं.

ओजी :
मीही पेन्शनवर आलेला. सॅपर माणसाच्या खोलीत हातबॉम्ब कशाला ठेवता? त्याचं आयुष्य सुरुंग उचलण्यात गेलं. तुमच्या सासऱ्यांच्याच ग्रुपचे रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात, जखमी असताना काढले, तेव्हा कुठे रणगाडे पुढे सरकले. एकाहत्तरला बसंतर नदीवरच्या लढाईतही तेच, सुरुंगातून वाट निघत होती आणि पूना हॉर्सचे रणगाडे वाट पुरी होण्याआधीच पलीकडे गेले. अरुण खेत्रपाल त्याच लढाईत गेले, वय २१. जन्म पुण्यातला. मुलाला सांगा, पोस्टर लावायचं तर यांचं लाव.

आणि आजोबांना विचारू दे की वाट कशी आखतात.

दहा बाय अकरा :
सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, आठवडाभर वेळच नव्हता.

ट्रंक माळ्यावर होती. आत कांबळं, शतरंजी, एक चेपलेला मग आणि माझ्या लग्नातली न वापरलेली भांडी. नंबर पुसट झालाय. चिरंजीव पुन्हा रंगवायला निघाले होते, बाबांनी थांबवलं. आहे तसा राहू दे म्हणाले. हिरवी भिंत झाली. खिडकीवर फुली मारली, ती बघून समोरच्या काकूंनी काच फुटली का म्हणून विचारलं. पेनस्टँडच्या जागी मग आलाय. राणे आणि खेत्रपाल यांचे फोटो चौकटीत घालून आणले. खर्च आत्तापर्यंत ११,४००, त्यातला निम्मा रंगाऱ्याचा.

ओजी, तुमचा प्रश्न नातवाने जेवताना विचारला. बाबा उठले, माझ्याकडे पैसे मागितले (आयुष्यात पहिल्यांदा) आणि रविवार पेठेतून पांढऱ्या नवारीचं बंडल घेऊन आले. सुरुंग काढलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत टाकतात, रात्री मागच्यांना दिसावी म्हणून. आता दारापासून नातवाच्या पलंगापर्यंत एक वाट आणि त्यांच्या पलंगापर्यंत दुसरी. रुंदी दोन फूट. वाटेवर काही टाकायचं नाही, बाकी खोलीत काय वाटेल तो पसारा कर. परवा रात्री दप्तर फितीच्या आत पडलं होतं, तर बाबांनी त्याला झोपेतून उठवून उचलायला लावलं. एरवी मी ओरडून थकते.

आता शेवटचा प्रश्न. नवार फरशीला कशाने चिकटवावी? दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली होती, पण मावशींनी ओलं फडकं फिरवलं की कडा सुटतात. फरशीवर डाग राहायला नको, आणि बाबा म्हणतात खिळा चालणार नाही, फीत उचलता आली पाहिजे.