शोगुनशाहीचा ऱ्हास १४४१ पासूनच
जपानमधील आशिकागा घराण्याची शोगुनशाही, म्हणजे शोगुन या लष्करी शासकाची सत्ता, १४६७ च्या ओनिन या यादवी युद्धाने खिळखिळी केली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. तिचा कणा त्याआधीच, १४४१ मध्ये मोडला होता. त्या वर्षी सहावा शोगुन योशिनोरी राजधानी क्योतोत आकामात्सु मित्सुसुके या सरदाराच्या वाड्यात नाट्यप्रयोग पाहत असताना सरकती दारे उघडून हत्यारबंद माणसे आत शिरली आणि त्यांनी त्याचे मुंडके उडवले. त्याहून विदारक गोष्ट अशी, की मारेकरी ते मुंडके घेऊन राजधानीबाहेर पडले, तरी कोणी लगेच पाठलागही केला नाही. पुढे गादीवर लहान मुले आली, आकामात्सुंचा हारिमा प्रांत यामाना घराण्यातील सोझेन या सरदाराला मिळाला, आणि होसोकावा या दुसऱ्या सरदार घराण्याने आकामात्सु घराण्याला पुन्हा उभे केल्यावर यामाना व होसोकावा यांच्यातले वैर विकोपाला गेले. ओनिन युद्धात आमनेसामने उभी ठाकली ती हीच दोन घराणी.